आवणीतली पोरं

कमळला ग्रामसेविका होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, पण शहापूरच्या ऑफिसात तिचं नाव झालं होतं ते तिच्या लिहिण्यासाठी. अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं, आणि भाषाही तशीच. बाकीच्यांचे अहवाल साहेब चहा पिता पिता चाळायचे. कमळचा अहवाल हातात आला की चहा निवून जायचा. पडघ्याच्या कुणब्याची पोर, सातवीच्या परीक्षेत निबंधात पहिली आलेली, तिला याचा अभिमान वाटला तर त्यात तिचं काय चुकलं? चुकलं एवढंच, की त्या अभिमानाच्या भरात एक शब्द ती नको तिथे लिहून बसली आणि तो एका सव्वा वर्षाच्या पोरीच्या मुळावर आला.

एकसष्ट साल होतं, आषाढाचे दिवस. वरून कुठूनसा हुकूम आला होता की वाड्या-वाड्यांवर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची पाहणी करा. किती मुलं नीट सांभाळली जातात, किती मुलांकडे दुर्लक्ष होतं, सगळं छापील तक्त्यात भरून पाठवा. आता ही पाहणी आषाढात करायची कल्पना ज्याला सुचली त्याने जन्मात कधी आवणी पाहिली नसणार. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या तीन आठवड्यांत शहापूर-मुरबाडच्या मुलखात ज्याची कंबर वाकते असं एकही माणूस घरात सापडत नाही. रोप एकदा उपटलं की एक-दोन दिवसांत चिखलात लागलंच पाहिजे, नाहीतर पिवळं पडतं. पण हुकूम तो हुकूम. कमळने डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली, रजिस्टर मेणकापडात गुंडाळलं आणि फाट्यावर एस्टीतून उतरून, शाई नदीच्या अलीकडे आंबेखोर गाव आहे, तिथल्या कातकऱ्यांच्या वाडीवर ती दुपारी पोचली.

गावाच्या कडेला बावीस झोपड्या. जमीन कुणाच्याच नावावर नाही. सगळी वाडी देवजी अण्णांच्या शेतावर राबणारी. वाडीत बाहेर चिटपाखरू दिसत नव्हतं. एका झोपडीतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, म्हणून कमळ वाकून आत शिरली.

मधल्या खांबाला जुन्या लुगड्याची चिंधी पिळून केलेली दोरी बांधली होती, आणि दोरीचं दुसरं टोक एका पोरीच्या पायाला. पोर सारवलेल्या जमिनीवर नखं घासत बसली होती. पोट मोठं, हातपाय काड्यांसारखे. शेजारी पेजेची वाटी कलंडलेली आणि तिच्यावर मुंग्यांची रांग. कमळला बघून पोर रडली नाही की हसली नाही. नुसती बघत राहिली. कमळच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सोडू नको तिला, बाय!" समोरच्या झोपडीच्या पडवीतून आवाज आला. एक म्हातारी बसली होती. पाठीत इतकी वाकलेली, की बोलतानाही जमिनीवर काहीतरी शोधते आहे असं वाटावं. तिचं नाव लहानी. "चुलीकडं जाते ती. इंगळ हाय राखंत."

"माणसाच्या पोराला गुरासारखं बांधतात का?" कमळ म्हणाली आणि तिने दोरी सोडली.

सुटल्याबरोबर पोर सरळ चुलीकडे रांगत गेली. तिथे राखेखाली संध्याकाळसाठी विस्तव जपून ठेवला होता. कमळने तिला पाय धरून मागे ओढलं. ती पुन्हा गेली. कमळने पुन्हा ओढलं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर कमळने तिला मांडीवर घेतलं, पिशवीतली भाकरी कुस्करून भरवली, आणि दीड तास तशीच बसून राहिली. आई यायचं काही चिन्ह नव्हतं. चार वाजताची एस्टी चुकली तर दुसरी थेट सकाळी.

"आजी, तुम्ही घ्या ना हिला," तिने समोर पाहून म्हटलं.

"मी नाय घेत कुनाचं पोर," म्हातारी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

काय माणसं तरी, कमळच्या मनात आलं. बसून बसून कंटाळेल, पण पोर घेणार नाही! मग तिने काय केलं? तर तिने गोदीला, म्हणजे त्या पोरीला, स्वतःच्या हाताने पुन्हा खांबाला बांधलं. चांगली दुहेरी गाठ मारली, शाळेचं दप्तर बांधायची तशी, आणि चिखल तुडवत फाटा गाठला.

शहापूरच्या खोलीवर परत आल्यावर तिने तक्ता भरायला घेतला. शेवटचा रकाना शेऱ्याचा, सगळ्यांत रुंद. त्यात तिने लिहिलं: 'मूल दिवसभर खांबाला बांधलेले व एकटे. अन्न उघड्यावर. आई हौशी बुध्या, बेफिकीर.' तो 'बेफिकीर' शब्द तिला इतका साजेसा वाटला की त्याच्यासाठी तिने टाकाची निब पुसून घेतली. निघताना गाठ कुणी मारली यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, त्यामुळे ते लिहायचा प्रश्नच आला नाही.

आठवड्याभरात शुक्रवारी साहेबांनी तिला बोलावलं. तिचा शेरा वरपर्यंत गेला होता. पुढच्या गुरुवारी ठाण्याहून एक अधिकारी येणार, मुलीला ताब्यात घेऊन बालगृहात ठेवणार, ग्रामसेविकेने बरोबर राहावं. "शाबास," साहेब म्हणाले, "एका जिवाचं कल्याण झालं तुमच्यामुळे." कमळला कृतकृत्य वाटलं. खरं सांगायचं तर रविवारी ती घरी पडघ्याला गेली ती हेच सांगायला गेली.

तिची आई जना ओट्यावर टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. कमळने सगळं साग्रसंगीत सांगितलं. दोरी, मुंग्या, पोट, सगळं.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोरी केवढी होती गो?"

"म्हणजे?"

"चुलीपर्यंत पोचत होती का?"

"नाही. चुलीच्या हातभर अलीकडे संपत होती."

"मंग बेफिकीर कशी?" आई म्हणाली. "मापून बांधली व्हती तिनं. फिकीर नसती तर दोरी कशाला लागली असती?"

 कमळ जरा चिडूनच म्हणाली, "पण आये, बांधायचं म्हणजे काय? तू मला बांधलं असतंस का?"

"बांधायचीच तुला. चांगली दोन वरसं." आईने एक किडकं पान बाजूला टाकलं. "तुझ्या आदी येक होती. सोनी. तिला नव्हतं बांधलं."

कमळने हे नाव उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, काय झालं तिचं? आई म्हणाली, "वहाळ हाय ना आपल्या वावराच्या कडंला, पावसात भरनारा." एवढंच. मग तिने भाजीची पुढची जुडी पुढ्यात ओढली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षं ज्या आईच्या हातचं खाल्लं, तिच्या पोटात केवढं काय आहे हे आपल्याला माहीत नाही, आणि एका परक्या बाईला मात्र आपण दीड तासात ओळखून मोकळ्या झालो, याची तिला लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी ती दारात उभी.

"साहेब, तो शेरा मागे घ्यायचाय."

"का? खोटं लिहिलं होतं?"

"खोटं नव्हतं. अर्धं होतं."

साहेब तसे भले गृहस्थ. पण कागद पुढे गेला होता. ते म्हणाले, "गुरुवारी ते येणार म्हणजे येणार. तुमचं उरलेलं अर्धं तोपर्यंत घेऊन या. नुसतं 'चुकलं' म्हणून कोणी ऐकत नाही, बाई. पोर उद्या कशी राहील ते दाखवावं लागेल."

त्याच सकाळच्या एस्टीने ती आंबेखोरला गेली. बाया केव्हाच शेतावर गेल्या होत्या, घरी जी थोडी म्हातारी माणसं सापडली त्यांना तिने विचारलं. उरलेलं तिला सांगितलं लहानीने. ती म्हातारी कुणाच्या पोराला बोट लावत नव्हती, पण बावीस झोपड्यांमधल्या एकेका पोराचं रडणं ओळखत होती. "ही राहीची. भुकंची नाय, झोपंची रडतेय. तो थोराड आवाज गनूच्या पोराचा. त्याला आई अफूचं बोट चाटवून जाते, दुपारपर्यंत हलत नाय तो. आता जागा झालाय." कमळ लिहून घेत गेली. मग तिने लहानीच्या पडवीत चिंचोके मांडले, एका मुलाला एक.

पाच वर्षांखालची सत्तावीस मुलं. दहा जणांपाशी दिवसा कुणीतरी मोठं होतं. सहा जणांपाशी पाच-सहा वर्षांची बहीण, जिला स्वतःलाच सांभाळणारं कुणी हवं. आणि अकरा निव्वळ एकटी: कुणी बांधलेलं, कुणी कोंडलेलं, कुणी अफूने निजवलेलं. सत्तावीसात अकरा! हौशीची झोपडी सोडली तर बाकीच्या झोपड्यांपर्यंत ती पहिल्या दिवशी पोचलीच नव्हती. पोचली असती तर अकरा वेळा 'बेफिकीर' लिहिलं असतं तिने, आणि निब अकरा वेळा पुसली असती.

ती चिंचोके इकडचे तिकडे करत बसली. गरिबी म्हणावी तर ती सगळ्याच बावीस घरांत होती. सगळ्यांत फाटक्या झोपडीतलं पोर गुटगुटीत होतं, कारण तिथे आजी होती. ज्या घरात म्हातारं माणूस उरलं नव्हतं, तिथलं पोर एकटं. जिथे नवराही कामासाठी बाहेर गेला होता, तिथली पेज उघडी. आणि जिथे आईच्या पोटात पुढचं मूल होतं, तिथलं हातातलं मूल सगळ्यांत वाळलेलं. हौशीकडे तिन्ही होतं. सासू मेलेली, नवरा बुध्या होळीनंतर कसाऱ्याकडे लाकूडतोडीला गेला तो परतला नव्हता, आणि तिला पाचवा महिना. कमळने शेजारच्या दोन वाड्यांचे तक्ते ऑफिसातून मागून आणले होते. तेही काढून पाहिले. तिथेही असंच. कुठेच आई कमी पडली नव्हती. आईखेरीज दुसरं माणूस कमी पडलं होतं.

आता अवघड काम उरलं होतं. ती शेतावर गेली. बाया ओळीने वाकून रोप लावत होत्या. कमळ बांधावर थांबली नाही, पातळ खोचून गुडघाभर चिखलात उतरली आणि हौशीपाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. काय लिहिलं ते सांगितलं, गुरुवारी कोण येणार ते सांगितलं.

हौशी बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिने हातातली रोपाची मूठ पूर्ण लावली आणि मग सरळ उभी राहिली.

"तू लिवलंस?"

"मी."

"आनि त्या दिशी तिला परत बांधलीस ती पन तूच ना?" हौशी म्हणाली. "मी सांजंला घरी आले तर गाठ माजी नवती. मी म्हटलं, कोन गो आलं व्हतं घरात? सुटता सुटंना. दातानं सोडवली मी."

ओळीतल्या सगळ्या बाया थांबल्या होत्या. कमळची मान वर होईना.  ती म्हणाली, "चुकले मी. पण तुझी पोर मी जाऊ देणार नाही."

"तू कोन जाऊ देनारी नि नाय देनारी!" हौशीचा आवाज फाटला आणि ती त्या चिखलातच रडायला लागली. शेजारच्या राहीने तिला धरलं. राही ही टोळीतली सगळ्यांत जुनी बाई, सहसा कुणाला न बोलणारी. पण तीही कमळकडे बघून म्हणाली, "बाय, आमच्यातली येक तरी पोरगी अशी दाव, जी नाय बांधली आमी."

कमळ तिथून हलली नाही. रडणं ओसरल्यावर तिने विचारलं, दिवसभर पोरं एकत्र ठेवून कुणी सांभाळली तर? शेताच्या जवळच, म्हणजे मधे येऊन पाजताही येईल. लहानीआजी तर दिवसभर बसूनच असते.

आणि सगळ्या बायांनी एकदम खाली पाहिलं.

हळूहळू कळलं ते असं. देवी आल्या त्या साली लहानीची तीन पोरं आठ दिवसांत गेली. त्यानंतर तिने शेजारचं एक पोर उचललं, त्याला ताप भरला, तेही गेलं. तेव्हापासून वाडी म्हणते, लहानीचा हात चांगला नाही. कुणी भांडून म्हणत नाही, तिला कुणी वाईट वागवतही नाही. फक्त तिच्या मांडीवर पोर देत नाही. आणि लहानीनेही ते मानलं होतं. वीस वर्षं ती बाई हात आखडून बसली होती. कमळला आठवलं की आपण हिला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. पुन्हा एकदा तिला स्वतःचाच राग आला.

देवीचा रोग काय असतो, तो कसा पसरतो, हे कमळ समजावून सांगू लागली. टोचून घेण्याबद्दलही बोलली. बाया ऐकत होत्या, पण ऐकल्याने कुणाचा हात चांगला होत नाही. तेवढ्यात हौशीने डोळे पुसले, चिखल तुडवत बांधावर चढली, आणि वाडीच्या दिशेने चालू लागली. सगळ्या बघतच राहिल्या.

कमळ तिच्यामागे धावली. हौशीने झोपडीत जाऊन गोदीची दोरी सोडली, तिला काखोटीला मारली आणि लहानीसमोर उभी राहिली.

"लहानीआय, हिला धर."

लहानी मागे सरकली. "नको गो. मेली बिली तर?"

"गुरवारी नेनारच हायत तिला. मेली तर तुज्यामुळं, नेली तर या बायमुळं. मला दोनीकडनं सारकंच." आणि तिने गोदीला म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

लहानी दोन्ही हात हवेत धरून बसली. पोरीला स्पर्श होऊ नये म्हणून कोपरंसुद्धा वर उचललेली. गोदीला त्याचं काय? तिने म्हातारीच्या गळ्यातली मण्यांची पोत पकडली आणि तोंडात घातली. घसरायला लागली तशी लहानीला तिला धरावीच लागली. एकदा धरली आणि मग सोडली नाही. ती मागेपुढे हलू लागली. हौशी मागे वळून न पाहता शेतावर निघून गेली.

मंगळवारी दिवसभर आंबेखोरच्या वाडीचं लक्ष फक्त एका गोष्टीकडे होतं, गोदीला ताप येतो की नाही. ताप तर आला नाहीच, उलट ती दोन वाट्या पेज प्यायली आणि म्हातारीच्या अंगावर मुतून गाढ झोपली. बुधवारी सकाळी राही आपली पोर घेऊन आली. तोंडाने म्हणाली, "आजच्या दिवस," आणि देऊन गेली. दुपारपर्यंत चार झाली.

पण लहानी खाणार काय? ती आजवर सकाळी रानात जाऊन पानं-मुळं गोळा करून आणायची. पोरं सांभाळायची तर तेही गेलं. दुपारी शेतावर गेल्यावर हा प्रश्न कमळने काढला, आणि उत्तर हौशीने काढलं. तिने देवजी अण्णांना सांगितलं की टोळीत एक बाई वाढली. लहानी. मजुरीचं भात तिलाही आमच्याएवढंच.

देवजी अण्णा मनाने वाईट नव्हते, पण तोंडाने फटकळ. "जी चिखलात पाय घालत नाय तिला भात कशाचं? उद्या म्हणाल, झोपलेलीला पण द्या!"

"ती पोरं राखते म्हनून आमी लावतो, अण्णा," हौशी म्हणाली आणि बांधावर बसली. तिच्याशेजारी राही बसली. मग एकेक करून सगळ्या बसल्या. उपटलेल्या रोपांच्या मुठी चिखलात तशाच पडून होत्या. आवणीच्या दिवसांत दुसरी टोळी आणायची कुठून? सगळा मुलूख वाकलेला. देवजी अण्णांनी आभाळाकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं, "बसा! मीही बघतो किती बसता," असं म्हणून छत्री उघडून तेही बसले. अर्ध्या तासाने उठले.

"पडवीत गळत असंल तिच्या," ते कुरकुरत म्हणाले. "बैल सगळे नांगरावर हायत. त्या कडंच्या गोठ्यात आना पोरं. पन झाडून घ्या आदी." मग कमळकडे बघून म्हणाले, "हे शिकवलं कोणी बायांना?" सगळ्यांनी कमळकडे पाहिलं. कमळ कसनुशी हसली. कारण तिने काहीच शिकवलं नव्हतं. त्या दिवशी ती शिकत होती.

संध्याकाळपर्यंत टोळीने रोजच्यापेक्षा दोन वाफे जास्त लावले. पोर बघायला कुणाला मधेच घरी पळावं लागलं नाही ना! देवजी अण्णांनी ते वाफे दोनदा मोजले.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास फाट्यावर जीप आली. अधिकारी पन्नाशीचे, चष्म्यावर पावसाचे थेंब, बुटांत चिखल. बरोबर शिपाई, आणि शिपायाच्या हातात घडी घातलेलं एक नवं कोरं पांघरूण. पोरीला नेताना थंडी वाजू नये म्हणून आणलेलं.  माणूस चांगला होता, हेच तर अवघड होतं.

त्यांनी हौशीची झोपडी पाहिली. खांब पाहिला, त्याला लटकणारी दोरी पाहिली. "मुलगी कुठे आहे?"

"दाखवते. त्याआधी हे वाचा, साहेब." कमळने कागद पुढे केला. "आणि एक मला तोंडाने सांगायचंय, कारण ते माझ्या अहवालात नव्हतं. त्या दिवशी मुलीला मी सोडलं आणि जाताना मीच परत बांधलं. मला दुसरं काही सुचलं नाही. दीड तासात मला सुचलं नाही, आणि हिला मी बेफिकीर म्हटलं."

अधिकाऱ्यांनी छत्रीखाली उभं राहून तो कागद वाचला. या खेपेला कमळचं अक्षर काही सुंदर नव्हतं, घाईचं होतं. सत्तावीस, सहा, अकरा. म्हातारं माणूस नाही, नवरा बाहेर, पोटात दुसरं. त्यांनी तो दोनदा वाचला. "अकराच्या अकरांना नेणं शक्य नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

गोठ्यापाशी आले तेव्हा आत पोरांचा नुसता गलका होता. जमीन झाडून, कोरडं गवत पसरून त्यावर गोधड्या घातल्या होत्या. तीन पोरं झोपलेली, दोघं एकमेकांचे केस ओढत होती, एक गव्हाणीत चढून बसलं होतं. मधोमध लहानी. गोदी तिच्या पाठीवर लटकलेली. समोर शेतातून हौशी वर आली होती. कोपरापर्यंत चिखल, आणि चेहरा असा, की कमळला तिच्याकडे बघवेना. बाकीच्या बायाही मागे येऊन उभ्या राहिल्या. 

"यातली हौशीची मुलगी कोणती?"

लहानीने पाठीवरची पोर पुढे घेतली. अधिकारी खाली बसले. त्यांनी गोदीचा पाय हातात घेतला. घोट्याभोवती दोरीचा वळ अजून होता, पण त्यावर कुणीतरी खोबरेल लावलं होतं. त्यांनी हौशीकडे पाहिलं. "आवणी संपल्यावर काय करणार?"

"कापनी लागंल, सायेब. तवा पन अशीच ठेवू."

"आणि दिवाळीनंतर?"

हौशीने राहीकडे पाहिलं. दिवाळीनंतर अर्धी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. राही पुढे झाली. "तवाचं तवा बघू. म्हातारीला संगं नेऊ. आता कुनी येकटं नाय ठेवनार."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. मग ते लहानीकडे वळून सहज विचारायचं म्हणून म्हणाले, "आजी, यातली तुमची किती?"

लहानीने पोरांवरून नजर फिरवली. "सकाळी अकरा," ती म्हणाली. "सांजच्याला येक बी नाय."

ती हे तक्रार म्हणून बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. पण अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: 'मुलीस हलवण्याची गरज नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहणी व्हावी. बाकीच्या वाड्यांवरही अशी सोय होते का ते पाहावे.' शिपायाच्या हातातलं पांघरूण त्यांनी गोठ्यात देऊन टाकलं. त्यावर लगेच दोन पोरांची मारामारी सुरू झाली.

जीप गेली. हौशी पुन्हा शेतात उतरली, कारण रोप वाट बघत नाही. कमळने त्या दिवशी चारची एस्टी सोडून दिली. तिने पातळ खोचलं आणि राहीच्या शेजारी ओळीत उभी राहिली. कुणब्याची पोर, तिला लावायला येत होतंच.

दिवस कलला तशा बाया एकेक करून गोठ्यात आल्या, आपापलं पोर उचलून निघाल्या. राही गेली, गनूची बायको गेली. लहानी प्रत्येकीला पोर देताना त्याचं तोंड पदराने पुसून देत होती. दहा झाली. शेवटी हौशी आली. लहानीने गोदीचं तोंड पुसलं आणि तिला पुढे केली.

हौशीने हात पुढे केले नाहीत.

"राहू दे तुज्याकडंच," ती म्हणाली. "मी फुडं जाऊन चूल पेटवते. तू तिला घेऊन ये सावकाश. आजपासून जेवायला माज्याकडंच यायचं."